आपलंच ब्रॉडकास्ट आपल्यालाच का ऐकू येतं?

आमच्या सातपूरच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक सीएनसी मशीनशेजारी एक छोटा रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, लावलेला आहे. दर काही सेकंदांनी तो सगळ्या नेटवर्कला सांगतो, मी अमुक मशीन, माझं काम चालू आहे, एवढे नग झाले. सुपरवायझरच्या केबिनमधला स्क्रीन हे ऐकून यादी दाखवतो. स्टोअरमध्येही तसाच एक स्क्रीन आहे. दोन्ही स्क्रीन एकमेकांना दिसावेत म्हणून तेही आपापली हजेरी याच पद्धतीने देतात. साधं यूडीपी ब्रॉडकास्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम मारलेली हाक, मधे सर्व्हर वगैरे काही नाही.

आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी हा प्रोग्राम वाचत होती. तिने विचारलं, "मॅडम, स्विच ज्या पोर्टवरून फ्रेम घेतो त्याच पोर्टवर ती परत पाठवत नाही ना? मग केबिनच्या यादीत केबिनचंच नाव कुठून आलं?"

(स्विच म्हणजे सगळ्या केबली जिथे एकत्र येतात ती पेटी, पोर्ट म्हणजे तिच्यावरची केबल खोचायची जागा, आणि फ्रेम म्हणजे तारेवरून जाणारं डेटाचं एक पाकीट.) प्रश्न अगदी नेमका आहे. नेटवर्कमध्ये वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही मी यावर अडखळताना पाहिलंय. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी तिला एक प्रयोग करायला लावला. एक रिकामा स्विच घेतला, त्यात एकाच लॅपटॉपची केबल लावली, बाकी सगळे पोर्ट मोकळे. लॅपटॉपवर तीन टर्मिनल उघडली. एकात ऐकणारा प्रोग्राम, दुसऱ्यात पाठवणारा, तिसऱ्यात टीसीपीडंप, म्हणजे ये-जा करणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम. पाठवणाऱ्याने १९२.१६८.१.२५५ या पत्त्यावर, म्हणजे त्या नेटवर्कच्या ब्रॉडकास्ट पत्त्यावर, एक संदेश सोडला. ऐकणाऱ्याला तो लगेच मिळाला. टीसीपीडंपमध्ये मात्र एकच पॅकेट दिसलं, बाहेर जाणारं. आत येणारं पॅकेट नाहीच. म्हणजे तिचं म्हणणं बरोबर होतं, स्विचने काहीही परत पाठवलेलं नव्हतं. संदेश लॅपटॉपच्या बाहेरून आलाच नव्हता. तो आतल्या आत फिरला होता.

हे काम कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, करतं. लिनक्समध्ये ब्रॉडकास्टचं पॅकेट आयपीच्या थरातून खाली उतरताना कर्नल त्याची एक जोडप्रत काढतं. मूळ पॅकेट नेटवर्क कार्डाकडे जातं आणि जोडप्रत उलटी फिरून येणाऱ्या पॅकेटांच्या रांगेत उभी राहते. तिच्यावर 'पॅकेट लूपबॅक' असा शिक्का असतो. टीसीपीडंप ज्या प्रकारच्या सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणाऱ्या दारावर, ऐकतो, तो सॉकेट हा शिक्का पाहिला की पॅकेट टाकून देतो, कारण बाहेर जाताना ते त्याने एकदा पाहिलेलंच असतं. म्हणून प्रोग्रामला संदेश मिळतो, पण टीसीपीडंपला तो परत आलेला दिसत नाही. हा फरक माहीत नसेल तर माणूस दुपारभर केबली तपासत बसतो.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. आपलाच आयपी पत्ता 'पाठवणारा' म्हणून घेऊन एखादं पॅकेट तारेवरून आत आलं, तर लिनक्स ते मुळात स्वीकारतच नाही. असा पत्ता बाहेरून येणं शक्य नाही असं धरून त्याला 'मार्शियन सोर्स' म्हणतात, म्हणजे मंगळावरून आलेलं, आणि ते फेकून देतात. मग जोडप्रत यातून कशी सुटते? तिच्यावरही पाठवणारा म्हणून आपलाच पत्ता असतो. ती सुटते कारण तिचा मार्ग पाठवतानाच ठरलेला असतो आणि तो तिला चिकटूनच येतो. मार्ग ठरलेल्या पॅकेटासाठी कर्नल पुन्हा मार्ग शोधत नाही, आणि पाठवणाऱ्याची तपासणी त्या शोधण्यातच होते. एकाच पत्त्याचं, एकाच मजकुराचं पॅकेट आतून आलं तर चालतं, बाहेरून आलं तर चालत नाही. हे ज्यांनी रचलं त्यांनी 'आपलं' कशाला म्हणायचं याचा नीट विचार केलेला दिसतो.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण ब्रॉडकास्ट म्हणजे 'सगळ्यांना', आणि सगळ्यांत हा संगणकही येतो. केबिनच्या संगणकावर यादी दाखवणारा प्रोग्राम वेगळा आणि नोंद ठेवणारा वेगळा असेल, तर एकाने दिलेली हाक दुसऱ्याला ऐकू आली पाहिजे. दोघांनी एकच पोर्ट (इथे स्विचवरची जागा नाही, तर प्रोग्रामने ऐकण्यासाठी घेतलेला क्रमांक) वाटून घेतला असेल तर कर्नल दोघांनाही एकेक प्रत देतं. संदेश कोणत्या प्रोग्रामने पाठवला हे ते पाहत नाही, त्या पोर्टवर कोण ऐकतंय एवढंच पाहतं. पाठवणारा स्वतःच ऐकत असेल तर त्यालाही मिळतो.

याची मुळं जुनी आहेत. ब्रॉडकास्टसाठी सगळे बिट एक असलेला पत्ता वापरायचा, हे जेफ्री मोगल यांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये आरएफसी ९१९ मध्ये, म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या क्रमांकित दस्तऐवजांपैकी एकात, मांडलं. तेव्हा इथरनेट म्हणजे जाड कोॲक्स केबल, तिच्यावर सगळे एकत्र. काही कार्डांना आपणच तारेवर टाकलेलं ऐकू यायचं, काहींना नाही. बीएसडी युनिक्सच्या लोकांनी यावर सरळ उपाय काढला. ज्या इंटरफेसला, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीला, स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही त्याच्यावर 'सिम्प्लेक्स' अशी खूण करायची, आणि अशा इंटरफेसवरून ब्रॉडकास्ट गेलं की एक प्रत लूपबॅकवर टाकायची. म्हणजे कार्ड कसंही असो, वरच्या प्रोग्रामला अनुभव एकच. ती खूण आजही जिवंत आहे. ॲपलच्या मॅकवर टर्मिनलमध्ये आयएफकॉन्फिग चालवा, वाय-फायच्या इंटरफेसपुढे ब्रॉडकास्ट, रनिंग, मल्टिकास्ट यांच्या रांगेत सिम्प्लेक्स हा शब्द दिसेल. तो पाहिला की मला ती जाड पिवळी केबल आठवते. मी ती फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये भिंतीवर टांगलेली पाहिली होती.

मग पुढचा प्रश्न ठरलेलाच, हे बंद कसं करायचं? मल्टिकास्टसाठी, म्हणजे सगळ्यांऐवजी ठरावीक गटाला मारलेल्या हाकेसाठी, त्याची सोय आहे. एक सॉकेट पर्याय आहे, तो शून्य केला की आपलं मल्टिकास्ट आपल्या यंत्राकडे वळत नाही. त्यातही लिनक्सवर तो पाठवणाऱ्या सॉकेटवर लावावा लागतो आणि विंडोजवर ऐकणाऱ्या सॉकेटवर, त्यामुळे एकाच प्रोग्रामला दोन्हीकडे चालवायचं तर दोन्ही बाजूंना लावून मोकळं व्हावं. ब्रॉडकास्टसाठी मात्र असा पर्यायच नाही. सो-ब्रॉडकास्ट नावाचा जो आहे तो केवळ परवानगी. तो लावला नाही तर पाठवताना 'परमिशन डिनाइड' येतं, एवढंच. ऐकण्याशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणजे आपला संदेश ओळखून बाजूला काढणं हे आपल्या प्रोग्रामचं काम. पाठवणाऱ्याचा आयपी माझाच असेल तर सोडून दे, हा पहिला सुचणारा मार्ग. हा मार्ग मला पटत नाही, आणि त्याची कारणं आमच्याच केबिनमध्ये आहेत. तिथल्या संगणकाला केबलही आहे आणि वाय-फायही. शिवाय डॉकर या प्रोग्रामने आपला एक आभासी ब्रिज, म्हणजे संगणकाच्या आतलाच एक स्विच, टाकलाय, त्याचा पत्ता निराळा. यातला 'माझा' कोणता? सगळ्या पत्त्यांची यादी ठेवली तरी डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेने, मधेच पत्ता बदलला की यादी शिळी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच संगणकावर दुसरा प्रोग्राम चालू असेल तर त्याचाही आयपी तोच. स्वतःला गाळायला गेलो आणि शेजाऱ्यालाही गाळून बसलो.

माझं ठाम मत आहे की ओळख पत्त्यात शोधू नये, संदेशात लिहावी. प्रोग्राम सुरू होतानाच एक यादृच्छिक संख्या बनवायची, आमच्याकडे ती सोळा हेक्स अंकांची आहे, आणि प्रत्येक संदेशात ती घालायची. आलेल्या संदेशात तीच संख्या दिसली की तो आपला. इंटरफेस कितीही असोत, पत्ता कितीदाही बदलो, त्याने फरक पडत नाही. केडीई कनेक्ट फोन आणि संगणक जोडताना पोर्ट १७१६ वर ब्रॉडकास्ट करतो, त्यात यंत्राची ओळख लिहिलेली असते. संगणकांमधल्या फाइली जुळवणारा सिंकथिंग २१०२७ वर करतो, त्यातही यंत्राची ओळख असते, शिवाय सुरू होताना बनवलेली एक वेगळी संख्या, म्हणजे समोरचा पुन्हा सुरू झालाय हेही कळतं.

ही युक्ती खूप जुनी आहे. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचं तेव्हाच्या पीपीपी या जोडणीच्या पद्धतीमध्ये 'मॅजिक नंबर' होता, चार बाइटचा. १९९४ च्या आरएफसी १६६१ मध्ये तो आहे. समोरून आलेल्या मागणीत आपणच नुकताच पाठवलेला नंबर दिसला, तर पलीकडे बहुधा कोणी नाही, तार कुठेतरी उलटी जोडली गेलीय. आयपीच्या नव्या आवृत्तीला, आयपीव्ही६ ला, हेच शहाणपण उशिरा सुचलं. तिथे ब्रॉडकास्ट नाही, पण नवा पत्ता घेताना 'हा कोणाकडे आहे का' असं मल्टिकास्टने विचारावं लागतं. सेवा देणाऱ्यांनी चाचणीसाठी सर्किट लूपमध्ये टाकलं की राउटरला आपलाच प्रश्न परत ऐकू यायचा, त्याला वाटायचं की पत्ता दुसऱ्याने घेतलाय, आणि तो स्वतःचा पत्ता सोडून द्यायचा. लूप काढल्यावरही पत्ता आपोआप परत यायचा नाही, माणसाला जाऊन तो जिवंत करावा लागायचा. एप्रिल २०१५ च्या आरएफसी ७५२७ ने त्या प्रश्नात एक यादृच्छिक संख्या घालायला सांगितली. स्वतःचीच संख्या परत आली तर पत्ता सोडायचा नाही, थोडं थांबून पुन्हा विचारायचं.

आपला संदेश परत मिळतो म्हटल्यावर काहींना त्याचा दुसरा उपयोग सुचतो. ती मुलगीही म्हणाली, "मग स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दाखवू या. आपलंच ब्रॉडकास्ट ऐकू आलं तर नेटवर्क चालू."

तिला मी केबिनमधल्या छोट्या स्विचची वर जाणारी केबल काढायला सांगितली. वर्कशॉपशी संबंध तुटला, एकेक मशीन यादीतून गळायला लागलं, पण केबिनची स्वतःची नोंद आरामात ताजी होत राहिली. प्रत आत निघते, बाहेर काय झालं याच्याशी तिला देणंघेणं नाही. आपला संदेश मिळाला याचा अर्थ आपला सॉकेट आणि कर्नल ठीक आहेत, इतकाच. पलीकडे पोहोचल्याचा तो पुरावा नाही. ठिपका आता इतरांचा शेवटचा संदेश कधी आला यावर ठरतो. तो बदल तिनेच केला, आणि फार नीट केला.

आता वाय-फाय. इथे आपलं ब्रॉडकास्ट खरोखरच बाहेरून परत येतं. लॅपटॉपला हवेत सगळ्यांना एकदम हाक मारता येत नाही. तो आपली फ्रेम फक्त ॲक्सेस पॉइंटला, म्हणजे वाय-फाय देणाऱ्या डब्याला, देतो, ती मिळाल्याची पोचही घेतो. मग ॲक्सेस पॉइंट ती सगळ्यांसाठी हवेत सोडतो, सहसा कमी वेगाने आणि कोणाचीही पोच न घेता. जोडलेलं एखादं यंत्र वीज वाचवायला झोपेत असेल तर ठरावीक बीकनपर्यंत, म्हणजे ॲक्सेस पॉइंट नियमित देतो त्या इशाऱ्यापर्यंत, ती रोखूनही धरतो. आणि त्या 'सगळ्यांत' मूळ पाठवणारा लॅपटॉपही ऐकत असतोच. म्हणून वाय-फायच्या ड्रायव्हरला एक जास्तीची तपासणी करावी लागते, फ्रेम सगळ्यांसाठी आहे आणि पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, माझाच आहे, तर गपचूप टाकून द्या. लिनक्सच्या वायरलेस कोडमध्ये हीच अट दोन ओळींत लिहिलेली आहे. ती नसती तर आपलंच प्रत्येक ब्रॉडकास्ट हवेतूनही परत आत आलं असतं, आणि वर सांगितलेली मार्शियनची तपासणी फक्त आयपी पॅकेटांनाच लागते.

ही अट विसरलेली उपकरणंही बाजारात असतात. आमच्याकडे बारकोड वाचणारी काही हातातली यंत्रं आली होती, कंपनीचं नाव घेत नाही. ती वाय-फायला जोडली की पत्ता घ्यायची, लगेच नाकारायची, पुन्हा दुसरा मागायची. डीएचसीपीच्या लॉगमध्ये 'डीएचसीपी डिक्लाइन' (पत्ता नाकारला) आणि पुढे 'अबँडन्ड' (तो पत्ता वाटपातून काढला), असं पानच्या पान. थोड्या वेळात वाटायला पत्तेच उरले नाहीत, आणि बाकीच्यांचं काम अडलं. कामगार बिचारे यंत्र कानाशी हलवून बघत होते.

झालं होतं असं. पत्ता वापरण्यापूर्वी यंत्र एआरपीने, म्हणजे आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याकडे आहे हे विचारायच्या पद्धतीने, विचारतं, हा पत्ता कोणाकडे आहे का? हा प्रश्न ब्रॉडकास्ट असतो. त्याच वेळी दुसरं कोणी त्याच पत्त्याबद्दल हाच प्रश्न विचारताना दिसलं तर त्यालाही टक्कर समजायचं, असा नियम आहे. ॲक्सेस पॉइंटने यंत्राचाच प्रश्न त्याला परत ऐकवला आणि यंत्राला वाटलं की दुसरं कोणीतरी हाच पत्ता मागतंय. स्टुअर्ट चेशायर यांनी जुलै २००८ च्या आरएफसी ५२२७ मध्ये यावर स्वतंत्र टीप दिलेली आहे. काही हब आणि बरेच वायरलेस ॲक्सेस पॉइंट आलेलं ब्रॉडकास्ट मूळ पाठवणाऱ्यालाही परत ऐकवतात, म्हणून पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता आपल्याच एखाद्या इंटरफेसचा नाही ना, हे तपासणं महत्त्वाचं आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. ज्यांनी त्या यंत्राचं फर्मवेअर लिहिलं त्यांनी तो एक परिच्छेद वाचला असता तर आमच्या माणसांची अख्खी पाळी वाया गेली नसती. मला याचा आजही राग येतो.

तारेच्या नेटवर्कमध्ये मात्र आपलंच ब्रॉडकास्ट बाहेरून परत आलं तर तो धोक्याचा इशारा समजायचा. स्विच ते परत पाठवत नाही, म्हणजे ते दुसऱ्या वाटेने फिरून आलंय. कुठेतरी लूप आहे. आयपी पॅकेटात आयुष्य मोजणारा आकडा असतो, प्रत्येक राउटरवर एक कमी होतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये तसं काही नाही. टेबलाखालच्या स्विचमध्ये कोणी पॅच कॉर्डची दोन्ही टोकं खोचली की एक एआरपी प्रश्न अनंत काळ फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीला सगळ्या पोर्टांवर सांडतो. शंभर मेगाबिटच्या तारेवर लहानात लहान फ्रेम सेकंदाला १,४८,८१० मावतात, गिगाबिटवर १४,८८,०९५. यातली प्रत्येक फ्रेम प्रत्येक यंत्राला उघडून पाहावी लागते, कारण ती सगळ्यांसाठी आहे. आमचे रास्पबेरी पाय अशा वेळी पहिले मान टाकतात. हे टाळण्यासाठी राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डेक कंपनीत असताना स्पॅनिंग ट्रीची रीत काढली, तिच्यात स्विच आपसांत ठरवून लूप करणारी जास्तीची वाट बंद ठेवतात. पण केबिनमधल्या स्वस्त स्विचला ती सहसा येत नाही.

लूपचा पत्ता लागतो तो लिनक्सच्या लॉगमधल्या एका ओळीवरून. ज्या यंत्रावर ब्रिज आहे, जसं की व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) चालवणारा सर्व्हर, तो लिहितो: अमुक इंटरफेसवर एक पॅकेट आलं, त्याचा 'सोर्स ॲड्रेस' माझाच आहे. ही ओळ दिसली की मी हातातलं काम सोडते. पण दर वेळी ती लूपच सांगते असं नाही. व्हर्च्युअल मशीनची नक्कल काढताना मॅक पत्ताही तसाच राहिला तर हीच ओळ येते. सर्व्हरच्या दोन केबली एकत्र बाँड केल्या आणि स्विचवर तसं सांगितलं नाही, तरी येते. एका केबलने गेलेलं ब्रॉडकास्ट स्विच इमानदारीत दुसऱ्या केबलवर देतो, कारण त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी यंत्रं आहेत.

ओळ मिनिटाला एखाद-दुसरी येत असेल तर मी बाँडिंग आणि मॅक पत्ते तपासते. धो धो येत असेल आणि शेवटी 'इतक्या ओळी गाळल्या' असंही कर्नल लिहीत असेल, तर सरळ स्विचपाशी जायचं. ओळीत इंटरफेसचं नाव असतं, त्याची केबल कोणत्या पोर्टात गेलीय ते बघायचं, आणि तिथून पुढे ज्या पोर्टाचा ब्रॉडकास्टचा आकडा सगळ्यात वेगाने पळतोय त्याची केबल आधी काढायची. दिवे शांत झाले की त्या केबलच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं.